वाचणारीच्या वाट्याचे पापड

चैत्र संपत आला की माझ्या नाकाला पापडखाराचा वास येतो. घरात पापड असोत वा नसोत. यंदा तर नव्हतेच. आमच्याकडे आता पापड पुड्यातून येतात, सगळे एका मापाचे, जणू कुणी एका बाईने जन्मभर दुसरं काही केलंच नाही. तरी परवा दुपारी खालापूरच्या या घराच्या ओटीवर बसले होते, अंगणात ऊन पांढरं पडलं होतं, आणि वास आला. आत नातसून पालथी पडून कादंबरी वाचत होती.

"कसली आहे गं?" मी विचारलं.

"छोट्या गावातली आहे, आजी. शहरातून एक इंजिनिअर येतो, आणि तिथली एक मुलगी असते, साधीच, पण..."

"त्याला ताप येतो का?"

ती उठूनच बसली. "तुम्ही वाचलीय?"

"नाही. पण येईल. थांब जरा."

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यापुढे शाळेत घालण्याचा विषयच आमच्या घरात निघाला नाही. पण वाचायला मला स्पष्ट यायचं. मास्तर इन्स्पेक्टरसमोर मलाच उभी करायचे. या गुणाचा पुढे एका उन्हाळ्यात काय उपयोग झाला ते सांगते. लोक म्हणतात असल्या पुस्तकांनी तरुण मुली बिघडतात. मी काही तसं पाहिलं नाही. मी पाहिल्या त्या चाळिशीच्या बायका.

तेव्हा आम्ही कर्जतला राहत होतो. बापू, म्हणजे माझे वडील, कोर्टात वकिलांच्या हाताखाली कारकून होते. घरात आई, मी आणि बापूंची थोरली बहीण, जिला सगळे आत्याच म्हणत. आत्याचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी ते संपलंही. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. एवढंच आठवायचं की त्याच्या मुंडावळ्या एकसारख्या नाकावर येत होत्या. शेजारी माई. माईंचे यजमान स्टेशनावर नोकरीला, म्हणून त्यांच्याकडे पुस्तकं येत. कोण उतारू विसरून जाई, कोण वाचनालयातून आणून परत करीत नसे.

वैशाखात कर्जत तापलं की उल्हास नदीचे नुसते डोह उरतात. डोंगराकडे पाहवत नाही, खडक डोळ्यात जातो. पण पापडाला तेच ऊन लागतं. आज आमचे, उद्या माईंचे, परवा आणखी कुणाचे, असे पाळीपाळीने पापड व्हायचे. पीठ आत्या कुटायची. पाट्यावर गोळा ठेवून, तेलाचा हात लावून, वरवंट्याने असा ठोकायची की वाटायचं तिचं त्याच्याशी जुनं वैर आहे. मग लाट्या कापून ओल्या फडक्याखाली झाकायच्या, आणि पाच-सहा पोळपाट गोलाने बसायचे.

त्या वर्षी माईंनी गोलाच्या मधोमध मला बसवलं आणि हातात पुस्तक दिलं.

पहिल्या दिवशी मी वाचायचंही आणि लाटायचंही असं ठरलं. पानांना पीठ लागलं, पापडांना शाईचा डाग लागला. तेव्हा बायकांनीच नियम केला, की वाचणारीने लाटायचं नाही. तिच्या वाट्याचे पापड बाकीच्यांनी लाटायचे. मला वाटलं, चला, हात दुखायचे वाचले.

पुस्तक कुणाचं, नाव काय, ते सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. एक गाव असतं. त्याला स्टेशन असतं, नदी असते, मागे घाट. आमच्या बायका तिथेच खूश झाल्या. "अगो, हे तर कर्जतच!" गावात एक गरिबाची मुलगी, तिचा दुष्ट मामा, आणि नदीवर बसून लोकांची उणीदुणी काढणाऱ्या बायका. त्या बायका आल्या की आमच्या बायका चिडायच्या. "काय मेल्यांच्या जिभा! कुणाचं बरं बघवत नाही!" असं म्हणून लगेच सोनाराच्या सुनेबद्दल बोलायला लागायच्या. मग एके दिवशी गाडीतून एक तरुण इंजिनिअर उतरतो. पुढचं कुणालाही कळेल. त्यांनाही कळत होतं. म्हणूनच तर ऐकत होत्या. जे होणार ते माहीत आहे आणि तेच होतंय, असं सुख त्यांना घरात कधी मिळालं नव्हतं. घरात जे व्हायचं ते विचारून होत नसे, अचानक येऊन पडे.

गोष्ट रंगली की लाटणी मंदावत. बायका लाटणं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहत, आणि तो पापड जाड राहून जाई. दुष्ट मामा आला की लाटणी अशी फिरत की पापडातून पोळपाट दिसे. वाळत घातलेल्या पापडांवरून मला सांगता आलं असतं कुठल्या पानाला कुठला लाटला.

बुधी नावाची एक ठाकरीण टोपलीत करवंदं घेऊन यायची, वर ठाकुरवाडीकडून. ऐकायला थांबायची. एकदा तिने विचारलं, "त्यो कवापास्नं निस्ता बगतोय गं तिच्याकडं?"

"झालं वर्ष," माई म्हणाल्या.

"वरीस? एवड्यात आमच्यातली पोरगी नांदाया जाऊन, भांडून, म्हायेरी परत आली असती." आणि करवंदं मापून निघून गेली. बायका हसल्या, पण त्यांना ते आवडलं नाही. आत्या म्हणाली, "यांना काय कळतंय त्यातलं." तिला काय कळत होतं, देव जाणे.

याच दिवसांत खालापूरहून माझ्यासाठी विचारणा झाली होती. घर चांगलं, थोडी भाताची शेती, धाकटा मुलगा शाळामास्तर. मला पाहून गेले होते. मी मान खाली घालून बसले होते, त्यामुळे मला मुलाचे फक्त पाय दिसले. स्वच्छ होते. निरोप आला, मुलगी पसंत आहे, काय ते लवकर कळवा, ज्येष्ठात उरकू.

आणि याच दिवसांत घाटात लोखंडी खांब उभे राहत होते. पुण्याची गाडी विजेवर चालणार म्हणत. त्या कामावरचा एक ओव्हरसियर माईंच्या पडवीच्या खोलीत बिऱ्हाडाला आला. तिकडचा, देशावरचा. उंच, कॉलर पांढरी, हातात गुंडाळलेला नकाशा. गाडीतूनच उतरला होता. आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी पोळपाट मांडले तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. माई म्हणाल्या, "वाच गं, वाच. आज आवाज जरा मोठा काढ." पडवीची खोली भिंतीपलीकडेच होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या बायका साध्या नव्हत्या. परक्या माणसाला पाण्याचा तांब्या देण्याआधी त्याचं आडनाव, गाव, गोत्र, मामाचं घराणं काढणाऱ्या. कोण कुणाचा चुलत साडू हे त्यांना पंचांगासारखं पाठ. पण त्या माणसाचं लग्न झालंय का, एवढं एक त्यांनी विचारलं नाही. पंचविशीच्या पुढचा, नोकरीचा, धडधाकट माणूस त्या काळी बिनलग्नाचा राहिलेला कुणी पाहिला होता का? एकीनेही नाही. पण पुस्तकातला होता ना. पुस्तकातल्याला बायको नव्हती, म्हणून यालाही नव्हती.

खालापूरला उत्तर जायचं राहिलं. बापूंना आत्याने सांगितलं, पत्रिका पुन्हा एकदा पेणच्या जोशांना दाखवायची आहे. आईने विचारलं, "उगाच लांबवायचं का? हातचं जाईल." आई तशी व्यवहारी. तर आत्या म्हणाली, "थांब गं जरा. अजून पाच-सहा प्रकरणं राहिलीत." हे ती थट्टेने म्हणाली नाही. आणि आईही थांबली, हे मला अजून कळत नाही. माझी आई, जी शेरभर तांदूळ घेताना चार दुकानं फिरायची.

मग त्याला ताप आला.

कर्जतला हिवताप नवा नव्हता, घाटात काम करणारे सगळेच पडायचे. पण सकाळी आत्या माईंच्या परसातून धावत आली, आलवणाचा पदर सावरत, आणि म्हणाली, "ताप आला गं त्याला!" कुणाला ताप आला म्हणून इतका आनंद झालेली बाई मी पुढे कधी पाहिली नाही. पुस्तकात नुकताच आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता, आणि त्या मुलीने काढा नेऊन दिला होता. आत्याने चुलीवर काढा ठेवला. गवती चहा, सुंठ, तुळस, काडेचिराईत. पेला माझ्या हातात दिला.

"मी का?" मी म्हटलं.

"माईच्याच घरात तर जायचंय. माई दारात उभी राहील."

मी गेले. माई दारात उभ्या राहिल्या, आणि मग हळूच सरकल्या. तो गोधडीत कुडकुडत होता. दाढी वाढलेली. पेला घेतला आणि म्हणाला, "तुम्ही उगाच त्रास घेतलात."

एवढंच. पण त्याने मला तुम्ही म्हटलं. मला तोवर कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. चार-पाच दिवस मी काढा नेला आणि तो रोज पेला परत देताना तुम्ही म्हणायचा. तो मला आवडला होता का, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला कुणी विचारला नाही. आता विचारून उपयोग नाही. पंधरा वर्षांची पोर, तिला कुणी तुम्ही म्हटलं तर काय होणार? पण मी पुस्तक विसरून त्याच्याकडे पाहिलं हे खरं आहे, आणि पुस्तकातला माणूस ताप आल्यावर घामट वास मारत नाही, हेही तेव्हाच कळलं.

माझा बोभाटा कुणी शत्रूने केला नाही. याच बायकांनी केला, प्रेमाने. माईंनी देवळात सांगितलं, देवळातून बाजारात गेलं. वाईट म्हणून नाही, पुढचं प्रकरण सांगावं तसं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मात्र ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मग एके दिवशी दुपारच्या गाडीतून एक बाई उतरली. हातात ट्रंक, कडेवर मूल. माईंच्या पडवीत जाऊन तिने ट्रंक ठेवली, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, मूल त्याच्याजवळ निजवलं, पाय धुतले, आणि आमच्या माजघरात आली. आम्ही पोळपाट मांडून बसलेल्या.

"यांना ताप आल्याचं कळलं, राहवेना," ती म्हणाली. "इथल्या एका मुलीने काढा करून दिला म्हणे. कोण गं ती?"

सगळ्यांची लाटणी थांबली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती पुढे आली आणि माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माझ्या पाठची बहीण असती तर एवढीच असती बघ." आणि पदर खोचून रिकाम्या पोळपाटावर बसली. "द्या, मी लाटते. बसून काय करू?"

तिच्यासारखे पापड मी नंतर कुणाचे पाहिले नाहीत. लाटी ठेवायची, तीनदा लाटणं फिरवायची, पापड कागदासारखा. आमच्या बायका खाली बघून नुसती लाटणी फिरवत होत्या. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. तिने ते पाहिलं.

"हे काय, वाचत होतात? मग थांबलात का? वाच की गं. मला फार आवडतं, पण आमच्याकडे वाचून दाखवायला कुणी नाही. आधीचं काय झालं तेवढं सांगा."

आणि माईंनी सांगितलं! घसा साफ करून, गाव, स्टेशन, मामा, ताप, काढा, सगळं. काढ्यापाशी त्यांचा आवाज जरा बारीक झाला, पण सांगितलं. ती बाई आनंदाने ऐकत होती. तिला काही संशय आला नाही. का यावा? पुस्तकातल्या मुलीने काढा दिला आणि मीही दिला, यात तिला काही वावगं दिसलं नाही. तिच्या घरी तिचा नवरा होता, नायक नव्हता.

मी वाचलं. शेवटची प्रकरणं उरली होती. मामा हरतो, नदीवरच्या बायका गप्प होतात, इंजिनिअर नदीवर त्या मुलीला गाठून विचारतो, मोठ्यांचं सगळं ठरलं आहे, पण तुझी मर्जी काय? माझा आवाज कापला नाही. शाळेत शिकवलं होतं, स्वल्पविरामाला थोडं थांबायचं, पूर्णविरामाला जास्त.

"ते परत वाच," ती बाई म्हणाली. "मर्जीचं."

मी परत वाचलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिने दंडाने डोळे पुसले, कारण हाताला पीठ होतं, आणि म्हणाली, "असं कुणी विचारतं का गं?"

मला वाटतं, त्या पुस्तकांचं सगळं गारूड त्या एका वाक्यात आहे. इंजिनिअर, नदी, चांदणं, हे सगळं वरचं. त्या गोलात बसलेल्या एकाही बाईला कुणी कधी विचारलं नव्हतं. आत्याला नाही, माईंना नाही, आईला नाही, आणि जिच्या नवऱ्यावरून हे रामायण झालं तिलाही नाही. म्हणून त्यांना एक तरी लग्न विचारून झालेलं पाहायचं होतं, आणि घरात बिनलग्नाची अशी मीच होते. फक्त ते पाहण्याच्या घाईत मलाही विचारायचं राहून गेलं.

 पीठ कुटलेलं पुरेसं होतं, तरी त्या दिवशी आत्या उठून आणखी एक गोळा कुटायला बसली.

बापू दुसऱ्याच दिवशी बैलगाडी करून खालापूरला गेले. परत आले तेव्हा जोडे न काढता ओटीवरच बसले. "धाकट्याचं चौक गावच्या मुलीशी ठरलं," ते म्हणाले. "आपल्या निरोपाची वाट पाहून पाहून. शिवाय काही कानावर गेलंय त्यांच्या." मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "थोरला आहे. बिजवर. दोन मुलं आहेत. ते म्हणतात, घर तेच आहे."

घर तेच आहे. बरोबर बोलले. मी आज त्याच घराच्या ओटीवर बसून हे लिहितेय.

एकाच मांडवात दोन्ही लग्नं झाली, खर्च वाचला. नवरा वाईट नव्हता. माझ्या दुप्पट वयाचा होता, पहिलीची आठवण आली की जेवत नसे, आणि मुलांना माझ्यावर सोपवून मोकळा झाला. धाकटे माझे दीर झाले, भाऊजी. मला वहिनी म्हणायचे, माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे. तेही काही नायक नव्हते. जेवताना आवाज करायचे, पोटाची तक्रार कायमची. पण रविवारी दुपारी माझ्या जावेला पुस्तक वाचून दाखवायचे, पडवीत बसून. ती बिचारी पहिल्या पानालाच झोपायची. ते वाचतच राहायचे. मी आत भांडी घासत असे. स्वल्पविरामाला ते थांबत नसत, धावत जायचे. मला ते सहन व्हायचं नाही.

जन्मभर ऐकलं. आता ना जाऊ आहे, ना भाऊजी.

संध्याकाळी नातसून आतून ओरडली, "आजी, आला! ताप आला त्याला!" तिच्या आवाजात आत्याचाच आनंद होता. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलंय, नोकरी करते, नवऱ्याला नावाने हाक मारते. तरी तिला तो ताप लागतोच. म्हणजे विचारल्यानंतरही काहीतरी उरत असावं. ते काय, हे मला सांगता येणार नाही. माझा अभ्यास तिथपर्यंत नाही.

"काढा कोण नेतंय?" मी विचारलं.

"तीच!"

"त्याचं लग्न झालंय का, ते बघ आधी."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आला तेव्हाची गोष्ट. नवे पापड घालायच्या आधी सासूबाईंनी माझ्या रुखवताचा डबा काढला. तळाशी थोडे उरले होते, ते तळून संपवायचे होते. एक तळला, तो जाड, मधे कच्चाच राहिला. दुसरा तळला, तो फुलून कढईभर झाला. सासूबाईंनी दोन्ही हातात धरून पाहिले. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या.

"एका घरचे नाहीत हे. जाड कुणाचे?"

"आईचे. आत्याचे. शेजारच्या बायकांचे."

"आणि हे पातळ? हात चांगला आहे."

"एक पाहुणी आली होती. तिचे."

"आणि तुझे यातले कुठले?"

"माझे नाहीत," मी म्हटलं. "मी वाचत होते."

"पोथी?"

"नाही. गोष्ट."

"कसली गोष्ट?"

 "एका मुलीचं लग्न होतं, त्याची," मी म्हटलं.

सासूबाईंनी कढई उतरवली, हात पुसले. "झालं ना लग्न?" त्या म्हणाल्या, आणि पोळपाट माझ्याकडे सरकवला.